वेगवान् नौका आणि पितळेची तोटी

पाण्यावरील शर्यतींचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा दोनच गोष्टींचा हिशेब मांडतात : एंजिनाची अश्वशक्ति किती, आणि चालकाची छाती किती मोठी. असले ग्रंथ आम्ही आवडीनें वाचले आहेत, व त्यांतील वर्णनांनीं आम्हीहि पुष्कळदां हुरळून गेलों आहों. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळचे फिरत असतां एक खारवी आपल्या होडीचें रॉकेलवर चालणारें लहानसें यंत्र वाळूंत उघडून बसलेला आम्हांस दिसला. त्यानें आंतून करंगळीच्या नखाएवढा एक पितळी तुकडा काढला, तो ओठांशीं धरून फुंकला, एक डोळा मिटून उन्हाकडे धरून त्याच्या आरपार पाहिलें, आणि पुन्हां जागच्या जागीं पिळून बसविला. यंत्राला झालें तरी काय, असें आम्ही विचारतांच तो म्हणाला, झालें कांहींच नाहीं. याचा श्वास या भोंकांत असतो, एवढेंच. त्या दिवसापासून आम्ही त्या शौर्यकथांकडे थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. ज्या भोंकावर सगळा डोलारा उभा, त्याचें नांव त्या कथांत कोठेंच कसें येत नाहीं?

ज्या वाचकांच्या घरांत एके काळीं रॉकेलचा स्टोव्ह फरफरत असे, त्यांना हें भोंक कसलें तें निराळें सांगावयास नको. काकडा पेटवावा, बर्नर तापूं द्यावा, पंप मारावा, आणि निपलांत कचरा अडकला तर पिन घालावी, हा क्रम तेव्हां दहा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असे. आमच्या हातून लहानपणीं एकदां जाड पिनेनें निपलाचें भोंक मोठें झालें, आणि निळी ज्योत पिवळी पडून आईनें घासून लख्ख केलेल्या पातेल्याला काजळीचा जाड थर बसला. तेल तेंच, हवा तीच, बर्नर तोच. बिघडलें होतें तें तेल आणि हवा यांचें प्रमाण. कार्बुरेटरची सगळी विद्या त्या पातेल्याच्या बुडाशीं आहे, असें आम्ही म्हटलें तर तज्ज्ञांनीं रागावूं नये.

पेट्रोल जळतें तें वाफ होऊन व हवेशीं मिसळून. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. आकारमानानें पाहिलें तर एका लिटरला सुमारें ९,००० लिटर. पण पुरतें जळणें आणि पुरती शक्ति देणें या दोन गोष्टी एक नव्हेत. शक्तीची परमावधि हवी असेल तर हवा साडेबारा-तेरा भागांवर आणावी लागते, म्हणजे मिश्रण थोडें दाट करावें लागतें. काटकसर हवी असेल तर तें सोळा भागांपर्यंत विरळ करतां येतें. पेट्रोल ज्या पितळी तोटींतून येतें तिला कारागीर जेट म्हणतात, व अनेक युरोपीय कार्बुरेटरांत तिच्यावर भोंकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत कोरलेला असतो. १२० ची तोटी काढून १२५ ची बसविली, तर व्यास वाढतो तो केसाच्या जाडीहूनहि कमी. परंतु भोंकाचें क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनीं वाढतें, आणि पंधरा भागांचें मिश्रण चौदांच्याहि खालीं येतें. एवढ्याशा फरकानें शर्यती जिंकल्या गेल्या आहेत व एंजिनें वितळलीं आहेत.

पेट्रोलचें एंजिन प्रथम रस्त्यावर धांवलें ही गोष्ट शाळेंतल्या मुलासहि माहीत असते. तें जवळजवळ त्याच सुमारास पाण्यावरहि धांवलें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १८८६ सालीं जर्मनींतील कानस्टाट गांवाजवळ नेकार नदींत गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं आपलें एंजिन एका लहान होडींत बसविलें. पेट्रोल ही चीज त्या काळीं औषधांच्या दुकानांत मिळे, आणि ती भडकते म्हणून लोक तिला भीत. तेव्हां डाइम्लर यांनीं होडीभोंवतीं तारा व चिनी मातीच्या विजेच्या गुंड्या लावून ही विजेवर चालते असा लोकांचा समज होऊं दिला, अशी हकीकत सांगतात. पेट्रोलच्या पहिल्या होडीला विजेचें सोंग घ्यावें लागलें, आणि आज पेट्रोल सोडून विजेच्या गाड्या घ्या असा चोहोंकडून आग्रह चालला आहे, हें पाहून इतिहासाच्या विद्यार्थ्यास हंसूं आल्यावांचून राहात नाहीं.

त्या काळचा कार्बुरेटर म्हणजे पेट्रोलचें एक भांडें. हवा त्यांतून वा त्यावरून जाई आणि जातांना वाफ घेऊन जाई. या भांड्याचा दोष असा कीं, पेट्रोलांतील हलका अंश आधीं उडून जातो व जड अंश मागें राहतो. त्यामुळें सकाळीं दाट असलेलें मिश्रण दुपारीं विरळ होई, आणि थंडी पडली म्हणजे वाफच धरीना. भोंक मोजण्याचा प्रश्न तेथें नव्हता, कारण मोजावें असें भोंकच नव्हतें. अडचण यावयाची ती नळी तुंबण्याची. १८८८ सालीं बेर्टा बेंझ ही बाई नवऱ्यास न सांगतां दोन मुलांना घेऊन त्याच्याच मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरांहून दूर, निघाली. वाटेंत पेट्रोलची नळी बुजली ती तिनें आपल्या टोपीच्या पिनेनें मोकळी केली. स्टोव्हच्या पिनेशीं झगडलेल्या आमच्या आया-मावश्यांनीं ही बाई आपल्यांतलीच समजावयास हरकत नाहीं.

भांडें जाऊन तोटी आली ती १८९३ सालीं, आणि तीहि दोन ठिकाणीं एकाच वर्षीं. बुडापेस्ट येथें डोनात बांकी व यानोश चोंका यांनीं, व जर्मनींत मायबाख यांनीं, वाहत्या हवेंत पेट्रोलचा फवारा सोडणारा कार्बुरेटर तयार केला. हंगेरियन मंडळींना ही कल्पना एका फुलवालीला फुलांवर पाणी शिंपडतांना पाहून सुचली, अशी आख्यायिका आहे. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणें ती गोड आहे व तितकाच विश्वास ठेवण्यासारखी आहे. खरें मूळ याहून जुनें. वाहता पदार्थ चिंचोळ्या जागेंतून जातांना त्याचा वेग वाढतो व दाब कमी होतो, हें तत्त्व डॅनिएल बर्नुली यांनीं १७३८ त मांडलें, व इटालीच्या व्हेंतुरी यांनीं १७९७ त चिंचोळ्या नळीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कार्बुरेटरच्या गळ्याला आजहि त्यांचेंच नांव आहे. त्या गळ्यांत हवेचा दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटींतलें पेट्रोल तोटींतून वर चढून हवेंत फुटतें. वाटींतलें पेट्रोल एका पातळीवर राहावें म्हणून तींत एक पोकळ तरता गोळा असतो. पातळी वाढली कीं तो वर येऊन पेट्रोलची वाट बंद करतो.

एवढी सोपी युक्ति सांपडल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता, पण तो येथूनच सुरू झाला. हवा वेगानें ओढली म्हणजे ती गळ्यांत प्रसरण पावून हलकी होते. पेट्रोल मात्र द्रव, तें हलकें होत नाहीं. म्हणून मंद चालीवर बेताची असलेली तोटी पुऱ्या चालीवर भलतेंच दाट मिश्रण देऊं लागते, आणि पुऱ्या चालीसाठीं मापलेली तोटी मंद चालीवर एंजिनाला उपाशी ठेवते. ल्यांव शहरांतील फ्रांस्वा बाव्हरे यांनीं १९०६ च्या सुमारास यावर जो तोडगा काढला तो आम्हांस फार सुंदर वाटतो. त्यांनीं दुसरी एक तोटी घातली. तिच्यांतून पेट्रोल नुसत्या आपल्या वजनानें एका उघड्या विहिरींत पडतें, मग एंजिन कितीहि ओढो. वेग वाढला कीं पहिली तोटी दाट होत जाते व दुसरी विरळ. एकीचा दोष दुसरीनें भरून निघतो. झेनिथ कार्बुरेटर तो हाच. इंग्लंडांतील स्किनर बंधूंनीं याच सुमारास निराळी वाट धरली : तोटी एकच, पण तींत एक निमुळती सुई वरखालीं होते आणि गळाहि हवेच्या ओढीप्रमाणें लहानमोठा होतो. हे बंधु पादत्राणांच्या व्यापारी घराण्यांतले. त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरांत चामड्याचा भाता होता, यांत नवल तें काय!

हे दोन्ही तोडगे मोटारींसाठीं निघाले. नौकेनें ते उसन्या अंगरख्यासारखे अंगावर चढविले, आणि तो अंगरखा तिला कोठें कोठें काचतो हें मग हळूहळू कळलें. १९०३ सालीं आयर्लंडांत क्वीन्सटाउनच्या बंदरांत मोटार-नौकांची हार्म्सवर्थ चषकाची पहिली शर्यत झाली, तेव्हां सेल्विन एज यांची नेपिअर नांवाची विजयी नौका ताशीं वीस मैलहि गेली नाहीं. या वेगाला उसना अंगरखा चालून गेला. वेग वाढूं लागला तेव्हां अडचण आली. मोटारीला चढ असतो तसा उतारहि असतो, व उतारावर एंजिन विसावतें. नौकेला उतार नाहीं. पंख्यानें पाणी रेटावयास लागणारी शक्ति त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. फेरे दुप्पट करावयाचे तर शक्ति आठपट हवी. शर्यतींतली नौका सरळ वाटेवर सबंध वेळ एंजिनाची झडप पुरी उघडून धांवते. रस्त्यावरच्या मोटारीवर असा प्रसंग क्षणभरच येतो. त्यांत पुन्हां नौका उसळते. पंखा पाण्याबाहेर आला कीं भार नाहींसा होऊन एंजिन किंचाळतें, आणि खालीं आपटली कीं तोच भार एकदम घणासारखा बसतो. नाक वर उचललें कीं वाटींतलें पेट्रोल मागें कलतें, वळण घेतलें कीं बाजूला. तरता गोळा बिचारा पातळी राखणार तरी कोणाची?

आणि येथेंच एक मोह उभा राहतो, जो या सगळ्या कथेच्या मुळाशीं आहे. दाट मिश्रण थोडें विरळ केलें कीं एंजिन अधिक खणखणीत बोलूं लागतें, फेरे वाढतात, धूर जातो. आणखी थोडें विरळ करावें असें वाटतें. विझतांना दिवा मोठा होतो, तसें हें आहे. एका मर्यादेपलीकडे जळणाची उष्णता पिस्टनाला झेपत नाहीं, मिश्रण वेळेआधीं स्फोट पावूं लागतें, आणि मोटारींत जें एंजिन नुसतें कुरकुरलें असतें तें नौकेंत दोन मिनिटांत पिस्टनाला भोंक पाडून बसतें. दुसराहि धोका आहे. फार विरळ मिश्रण सावकाश जळतें. आंत येण्याची झडप उघडली तरी ज्वाळा शिल्लक असते, आणि ती उलटी कार्बुरेटरच्या तोंडांतून बाहेर पडते. रस्त्यावर गळलेलें पेट्रोल वाऱ्यानें उडून जातें. नौकेंत त्याची वाफ हवेहून जड म्हणून तळाशीं सांचते, आणि तेथून ती जाणार कोठें! अमेरिकेनें १९४० च्या कायद्यानें नौकेच्या आंत बसविलेल्या पेट्रोल-एंजिनाच्या कार्बुरेटरवर ज्वाळा अडविणारी जाळी सक्तीची केली. त्या कायद्यामागें किती नौका जळाल्या असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा.

तोटी कितीची घालावयाची हें ठरविणाऱ्या माणसाजवळ साधनें तरी काय होतीं? कान, नाक आणि स्पार्क प्लग. पुऱ्या वेगांत असतांना ठिणगी एकदम बंद करावयाची, नौका थांबूं द्यावयाची, प्लग काढावयाचे आणि त्यांच्या चिनी मातीच्या नाकाचा रंग पाहावयाचा. फिकट तपकिरी असला तर ठीक. काजळी धरली असली तर मिश्रण दाट. खडूसारखा पांढरा दिसला तर मात्र पुढची फेरी न मारणें शहाणपणाचें. हा रंग धक्क्यावर उभ्या नौकेंत एंजिन फिरवून मिळत नाहीं. पाणी, पंखा, त्या दिवसाची हवा, सगळीं जागेवर असावीं लागतात. कॅलिफोर्निया व नेव्हाडा यांच्या सीमेवरील टाहो सरोवर समुद्रसपाटीपासून ६,२०० फूट उंच आहे. तेथें हवा जवळजवळ एक षष्ठांशानें हलकी, म्हणून समुद्रकांठीं जुळविलेली तोटी तेथें दाट पडते. गवई मैफलीच्या आधीं तंबोऱ्याच्या घोडीवरचा जवारीचा दोरा नखानें इकडचा तिकडे सरकवितो, तो कितीनें हें त्याला विचारूं नये. तसेंच हें. मात्र तंबोऱ्याचा सूर चुकला तर रसभंग होतो, एवढेंच.

पहिल्या महायुद्धानें या कलेला एक विचित्र देणगी दिली. विमानांसाठीं अमेरिकेंत १९१७ सालीं घाईघाईनें आंखलेलें चारशें अश्वशक्तीचें लिबर्टी एंजिन युद्ध संपल्यावर पडून राहिलें, आणि तें गारफील्ड वुड यांच्यासारख्या हौशी माणसाच्या हातीं आलें. मालमोटारीची पेटी उचलणाऱ्या यंत्रावर या गृहस्थांनीं पैसा मिळविला व तो सगळा पाण्यांत घातला. आम्ही हें अगदीं शब्दशः म्हणतों. १९२० सालीं त्यांच्या मिस अमेरिका या दोन एंजिनांच्या नौकेनें हार्म्सवर्थ चषक इंग्लंडच्याच पाण्यांत जिंकून नेला. लिबर्टीला झेनिथचे जोडगळ्याचे कार्बुरेटर होते, म्हणजे बाव्हरे यांची ती दुसरी तोटी येथवर आली होती. १९३२ सालीं मिस अमेरिका दहावी या नौकेंत वुड यांनीं पॅकार्डचीं चार एंजिनें घातलीं आणि ताशीं जवळजवळ १२५ मैलांचा विक्रम केला. वुड यांचें नांव, व शकुनासाठीं ते नौकेंत नेत त्या खेळण्यांतल्या अस्वलांचेंहि वर्णन, सर्व पुस्तकांत सांपडतें. शेजारीं बसून एंजिनांवर नजर ठेवणाऱ्या ऑर्लिन जॉन्सन यांना मात्र पुष्कळदां एकच ओळ मिळते, आणि ती अस्वलांच्या ओळीहून आंखूड असते.

ही तक्रार आम्ही एका दुःखद उदाहरणानें पुरी करतों. १३ जून १९३० रोजीं, शुक्रवारीं, इंग्लंडांतील विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सीग्रेव्ह यांनीं मिस इंग्लंड दुसरी ही नौका ताशीं ९८.७६ मैल चालवून जगाचा विक्रम मोडला. तींत रोल्स-रॉइसचीं दोन आर एंजिनें होतीं. दोहोंची मिळून शक्ति सुमारें चार हजार. विक्रम झाल्यावर पुढच्या धांवेंत नौका उलटली. पाण्यांतील एका ओंडक्यावर ती आदळली असावी, असें सांगतात. सीग्रेव्ह कांहीं तासांनीं वारले. एंजिनें सांभाळणारे रोल्स-रॉइसचे व्हिक्टर हॅलिवेल पाण्यांतच गेले. तिसरे विल्कॉक्स वांचले. एंजिनाचा यांत कांहीं दोष नव्हता. परंतु चार हजार अश्वशक्तीचा श्वास ऐकत जो माणूस आंत बसला होता, तो त्या वेगाचा अर्धा मालक होता असें आम्हांस वाटतें. सीग्रेव्ह यांचें नांव आजहि एका चषकाला आहे.

याच आर एंजिनानें आणखी एक धडा दिला. तेल बदललें कीं भोंक बदलावें लागतें. हीं एंजिनें साध्या पेट्रोलवर आपली पुरी शक्ति देऊं शकत नसत. रॉड बँक्स यांनीं त्यांच्यासाठीं बेंझोल, पेट्रोल, मेथिल अल्कोहोल यांचीं मिश्रणें वैद्याच्या काढ्यासारखीं मोजून केलीं. १९३१ च्या सप्टेंबरांत विमानाचा ताशीं चारशें मैलांवरील विक्रम झाला, त्या वेळच्या इंधनांत साठ टक्के अल्कोहोल होतें. मेथिल अल्कोहोलाला जळावयास वजनाच्या साडेसहापट हवाच पुरते, म्हणजे तितक्याच हवेंत तें पेट्रोलच्या दुपटीहून अधिक लागतें. पेट्रोलची तोटी तशीच ठेवून अल्कोहोल ओतणारा उत्साही मनुष्य विरळ मिश्रणाच्या त्याच जुन्या खड्ड्यांत पडतो. पुढें लहान शर्यतीच्या होड्यांतून अल्कोहोल रूढ झालें तेव्हां हा खड्डा पुष्कळांनीं पाहिला.

नौकेच्या उसळीनें वाटींतलें पेट्रोल हिंदकळतें, हें वर सांगितलें. तीच व्यथा दुसऱ्या महायुद्धांत आकाशांत प्राणघातक ठरली. मर्लिन एंजिनाचें ब्रिटिश विमान एकदम नाक खालीं करून सूर मारूं लागलें कीं पेट्रोल वाटीच्या माथ्याशीं उडे, एंजिन क्षणभर उपाशी राही, व लगेच वाटी तुडुंब भरून गुदमरे. जर्मन विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरांत दाबानें सोडीत, त्यांना ही पीडा नव्हती. फार्नबरोच्या संशोधन-संस्थेंतील बिअॅट्रिस शिलिंग या बाईंनीं १९४१ सालीं पेट्रोलच्या वाटेंत एक बारीक पितळी अडसर बसविला. त्याचें भोंक एंजिनाच्या पुऱ्या गरजेला पुरेल एवढेंच, अधिक नाहीं. उपासमार क्षणभराची राहिली, गुदमरणें टळलें. या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यतींत ब्रुकलँड्सच्या धांवपट्टीवर शंभर मैलांहून अधिक वेगानें गेलेल्या; तोटीची किंमत त्यांनीं पुस्तकांतून शिकण्याची गरज नव्हती. पाण्यावर याच वेळीं वुड यांच्या शर्यतींतल्या पॅकार्ड एंजिनांचाच वंश अमेरिकेच्या आरमारांत भरती झाला. पाणतीर सोडणाऱ्या पीटी नौकांत तीं तीन-तीन बसत. तीन हजार गॅलन पेट्रोल बरोबर असे, आणि पुऱ्या वेगांत तें सहा-सात तासांहून अधिक पुरत नसे. दाट मिश्रणाची ही किंमत.

युद्धानंतर पुन्हां शिलकी विमान-एंजिनें बाजारांत आलीं. सिॲटल येथील मोटारींचे व्यापारी स्टॅन्ली सेअर्स यांच्या स्लो-मो-शन चौथी या नौकेनें २६ जून १९५० रोजीं लेक वॉशिंग्टनवर ताशीं १६०.३ मैल गांठले. मॅल्कम कॅम्बेल यांचा १९३९ चा विक्रम १४१.७४ मैलांचा होता. तींत एकच ॲलिसन एंजिन होतें, आणि तिचा पंखा जाणूनबुजून अर्धा पाण्याबाहेर ठेवलेला होता. ॲलिसनच्या कार्बुरेटरांत वाटी नव्हती, तरता गोळा नव्हता. हवेचा दाब पडद्यांनीं मोजून पेट्रोल दाबानें सोडण्याची ती रचना होती. नौका उसळो वा कलो, पेट्रोलला हिंदकळावयास जागाच राहिली नाहीं. तरी मापलेली तोटी तिच्यांतहि होती, आणि ती निवडणारा माणूसहि. दोन वर्षांनीं याच नौकेनें १७८ मैल केले. १९५५ सालीं मॅल्कम यांचे चिरंजीव डॉनल्ड कॅम्बेल यांनीं अल्सवॉटरवर २०२ मैलांचा विक्रम केला तो विमानाच्या जेट एंजिनानें. नांव तेंच, पण त्या जेटांत पितळेची तोटी नाहीं. आमच्याकडे १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले, आणि नव्या दुचाकींतूनहि कार्बुरेटर बहुतेक गेला. संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल मोजून घालतो. गोव्याचा तो खारवी मात्र होडी पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर नेत होता, आणि निघतांना सुटा पितळी तुकडा एका डबींत घालून ती कमरेला खोंवीत होता.